पंचावन्न जिल्हे, एक श्वास

हॉबर्ट लस्कच्या छातीत किती दम उरला आहे, हे दवाखान्यातल्या यंत्राआधी त्याला स्वतःला कळत असे. वेस्ट व्हर्जिनिया राज्याचे जिल्हे पंचावन्न. सकाळी कॉफीचा पेला घेऊन तो ओसरीच्या पायरीवर बसे, छाती भरून घेई आणि बार्बरपासून वर्णानुक्रमाने नावं म्हणू लागे. श्वास जिथे संपेल तो त्या दिवसाचा मुक्काम. यादीतला शेवटचा जिल्हा वायोमिंग, आणि हॉबर्टचं घर त्याच जिल्ह्यातल्या एका अरुंद खोऱ्यात. त्यामुळे यादी पुरी झाली तर तो घरी पोचला, असा त्याचा हिशेब.

हे वेड लावलं मिस टॉलिव्हर यांनी. आठवीच्या वर्गात त्या राज्याचा इतिहास शिकवत. राज्य जन्मलं वीस जून अठराशे त्रेसष्टला, प्राणी काळं अस्वल, पक्षी तांबडा कार्डिनल, फूल रोडोडेंड्रॉन, झाड साखरी मेपल. राज्यमुद्रेवर एक शेतकरी, एक खाणकामगार आणि खाली ब्रीद: पहाडी माणसं सदैव स्वतंत्र. जिल्हे मात्र एका दमात म्हणायचे. दुसरा श्वास घेतला की पुन्हा बार्बर. एकोणीसशे सदुसष्ट साली राज्याच्या परीक्षेत हॉबर्ट जिल्ह्यातून पहिला आला. राजधानीत, चार्ल्सटनला, सरदारकी देण्याच्या रीतीप्रमाणे त्याला गुडघ्यावर बसवलं, खांद्याला तलवार टेकवली, 'सर हॉबर्ट, उठा' असं म्हटलं आणि कोटावर सोन्याच्या नालेची टाचणी लावली. खोऱ्यातून त्या तलवारीपर्यंत पोचलेला तो पहिलाच.

पाच वर्षांनी तो वडिलांच्या मागोमाग खाणीत उतरला. तिथे चाळीस वर्षं गेली.

बायको नोव्हेला नदीपलीकडची, शेजारच्या केंटकी राज्यातली. तिला या सगळ्याचं हसू येई. "आमच्याकडे एकशे वीस जिल्हे आहेत, सरदारसाहेब. पण ते पाठ करत बसायला रिकामा माणूस एक नाही."

"एका दमात जमणार नाहीत म्हणून करत नसाल."

"दम आम्ही भांडायला राखून ठेवतो."

लग्नाच्या वर्षी तो सहज वायोमिंगला पोचत असे. चाळिशीत अपशरला अडखळू लागला, पन्नाशीत रॅलीला. खाण सुटली त्या वर्षी मर्सरच्या पुढे सरकेना. दोन हजार नऊ साली राज्याने दगडी कोळसा आपला अधिकृत खडक म्हणून जाहीर केला, तेव्हा पाळीवरच्या सोबत्यांत हॉबर्ट म्हणाला होता, "इतर लोक राज्याचं चिन्ह छातीवर लावतात. आपण आत लावलंय." सगळे हसले होते, आणि हसता हसता सगळेच खोकले होते.

त्रेसष्टाव्या वर्षी डॉक्टरांनी क्ष-किरणांचा फोटो उजेडाला धरला. काळं फुफ्फुस, खाणीतल्या कोळशाच्या धुळीचा आजार. आता सरकारी तपासणीत नळीत फुंकलेला दम ठरावीक रेषेच्या खाली भरला तर कार्ड मिळणार होतं. कार्ड मिळालं तर प्राणवायूचं यंत्र घरी येणार होतं, औषधांचा खर्च सुटणार होता. रेषेच्या वर भरला तर काही नाही. पैसे खाणीच्या कंपनीला भरावे लागणार, म्हणून तिचा वकील त्या रेषेवरच डोळा ठेवून बसलेला.

तपासणीच्या सकाळी हॉबर्ट जॅक्सनपर्यंत पोचला. अठरावा. नोव्हेलाने बशीत पावासारखं मऊ बिस्किट आणि रस्सा वाढला आणि समोर बसली.

"आज जरा हात राखून फुंक," ती म्हणाली.

"खोटं फुंकू?"

"खोटं कोण म्हणतंय? कमी. शेजारच्या आर्लिसने काय केलं? नळीच्या कडेने निम्मा सोडला. आज त्याच्या उशाशी यंत्र आहे."

"आर्लिसला शाळेतसुद्धा कॉपी करूनच पास व्हायची सवय होती."

"आणि तुला पहिलं यायची! हॉबर्ट, ही परीक्षा नाही रे. इथे पहिला येणारा मरतो."

त्याने बिस्किट मोडलं, रश्शात बुडवलं आणि मान हलवली. ती मान होकाराची होती, असं नोव्हेला पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिली.

दवाखान्यात तपासणी घेणारी मुलगी केसी पंचविशीची, गोड बोलणारी. तिने हॉबर्टच्या नाकाला चिमटा लावला आणि नळी हातात दिली. पहिल्या दोन फुंका त्याने खरंच हात राखून मारल्या. केसीने कागद पाहिला.

"काका, या मोजता येणार नाहीत. छातीतून आल्या नाहीत त्या. अशाच राहिल्या तर पुन्हा बोलवावं लागेल."

"पोरी, तू कुठली?"

"मी दूरची. फिलिपीची. बार्बर जिल्हा."

हॉबर्टने नळी खाली घेतली. "बार्बर," तो म्हणाला. "पहिला. आणि मी वायोमिंगचा, शेवटचा."

"म्हणजे अख्खं राज्य या खोलीत आलं की!" केसी हसली. "चला, आता मनापासून. फुंका, फुंका, फुंका! अजून, अजून, थांबू नका!"

दाराबाहेर बसलेल्या नोव्हेलाला तिचा आवाज ऐकू आला. आत हॉबर्टने छातीच्या तळाशी होतं नव्हतं ते सगळं वर ओढलं होतं. बार्बर, बर्कली, बून. डोळ्यांपुढे काजवे चमकले, कानशिलं तटतटली, तरी तो थांबला नाही. पुढच्या दोन फुंकाही त्याने तशाच मारल्या. केसीने टाळ्या वाजवल्या. बाहेर आला तेव्हा त्याचे ओठ निळसर झाले होते आणि चेहऱ्यावर आठवीतल्या मुलाचं तेज होतं. नोव्हेलाने त्या तेजाकडे पाहिलं आणि न विचारताच तिला सगळं कळलं.

पत्र आलं तेव्हा मेपल लाल झाले होते. दम रेषेच्या किंचित वर. अर्ज नामंजूर. नोव्हेलाने ते मोठ्याने वाचलं, पुन्हा घडी घातली.

"अभिनंदन, सरदारसाहेब. पास झालात."

"मला जमलं नाही ग," तो म्हणाला. "तिने मनापासून म्हटलं आणि..."

"तिचं ऐकलंस. चाळीस वर्षं माझं ऐकायला तुला दम नव्हता."

हे बोलल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि घेवडा निवडत बसली. एकच मूठ तिने तीनदा निवडली.

फेरअर्ज केला, त्याची तारीख एप्रिलची मिळाली. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणाला हॉबर्ट ग्रँटपर्यंत पोचत होता. जानेवारीत क्ले. ओसरी सुटली, मग खुर्ची सुटली. खिडकीपाशी पलंग लावला आणि पाठीशी चार उशा रचल्या.

मार्चमधल्या एका दुपारी नोव्हेला पलंगाच्या कडेला बसून टॉवेलांच्या घड्या घालत होती. हॉबर्टने ओठ हलवले. "बार्बर... बर्कली... बून... ब्रॅक्स्टन." तिथे थांबला. बराच वेळ थांबला.

"ब्रूक," नोव्हेला म्हणाली. त्याने डोळे उघडले. "कॅबेल, कॅलहून, क्ले." टॉवेलांवरची नजर तिने काढली नाही. ती श्वास घेत होती, थांबत होती, पुन्हा सुरू करत होती. मिस टॉलिव्हर असत्या तर दहा वेळा मागे पाठवलं असतं. पण नाव एकही चुकलं नाही. चाळीस वर्षं ओसरीवरून ते तिच्या कानांवर पडत आलं होतं. वेट्झेल, वर्ट, वुड. मग ती थांबली. शेवटचं नाव त्याच्यासाठी ठेवलं.

टॉवेल संपले तरी ती वाट पाहत राहिली. शेवटी तिने त्याच्या तोंडापाशी हात नेला आणि तसाच ठेवला. मग ते नाव तिनेच घेतलं.

दुसऱ्या दिवशी अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा माणूस हॉबर्टचा कोट न्यायला आला. कपाटाच्या खणात त्याला सोन्याची नाल दिसली. "वहिनी, ही लावूया ना कोटावर? एवढा मोठा मान," तो अदबीने म्हणाला.

"नको," नोव्हेला म्हणाली. "राज्याचं एक चिन्ह छातीत घेऊन चाललाय तो. तेवढं पुरे."