बी मिझेने लावलेलं चित्र

शेकुवेने ज्याला नाव ठेवलं नाही असा माणूस बेटावर शोधूनही सापडला नसता. धक्क्याजवळच्या दगडी ओट्यावर तो कॉफीचा इवलासा पेला घेऊन बसायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला एकदा नीट न्याहाळायचा आणि एकच शब्द टाकायचा. तो शब्द त्या माणसाला जन्मभर चिकटायचा. तिरळ्या मास्तरांचं त्याने ‘दोन गल्ल्या’ केलं. तोतऱ्या होडीवाल्या बकारीचं ‘भिजलेलं इंजिन’.

मिझे तरुणपणी उंच होती, मान बगळ्यासारखी लांब. तिला बघायला मोंबासाहून पाहुणे आले, आणि त्यांनी घराचा पत्ता विचारला तो नेमका शेकुवेला.

“ढोकरीचं घर होय? सरळ जा. पण टोपलीत मासे असतील तर झाकून न्या हो!”

खलाशी खो खो हसले. मुलाची आई घरात येऊन चिंचेचं सरबत प्यायली, आणि मिझेच्या मानेकडे बघून बुईबुईच्या काळ्या बुरख्यात तोंड लपवून हसू लागली. सोयरीक तिथेच मोडली. पुढच्याही मोडल्या. ती दिसण्याआधी ते नाव पुढे जाऊन पोचलेलं असायचं.

मिझे बाहेरगावी शिकली, परतली आणि जुन्या जकातघरातल्या छोट्या संग्रहालयाची प्रमुख झाली. खाली बेटाचा इतिहास: लोकांच्या घरांतून मागून आणलेल्या चिनी बशा, कोरीव दरवाजे, जहाजांचे दिवे. वरच्या दालनात दरवर्षी चित्रांचं प्रदर्शन. आता सगळे तिला अदबीने बी मिझे म्हणत. तिने लग्न केलं नाही, आणि त्याबद्दल तिच्यासमोर कोणी ब्र काढत नसे.

एव्हाना शेकुवेच्या दोन्ही पायांना हत्तीरोग झाला होता. पाय खांबासारखे सुजले, कातडीला घड्या पडल्या. तो अंगातला लांब झगा, कंझू, पार जमिनीपर्यंत सोडायचा. बायको रुकिया पडद्याआड त्याचे पाय धुवायची. बेटावर सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याच्या जिभेच्या धाकाने सगळे गप्प.

त्या वर्षीचं प्रदर्शन होतं ‘आपली माणसं’. मकामे नावाचा चित्रकार मोंबासाहून आला. मिझे स्वतः ओट्यापर्यंत चालत गेली.

“शेकुवे बाबा, तुमच्याशिवाय प्रदर्शनात मजा ती काय?”

“माझं थोबाड लावणार? बायामाणसं घाबरतील गं!” असं म्हणाला खरा, पण दुसऱ्याच दिवशी दाढी कोरून हजर झाला.

संग्रहालयाच्या अंगणात खुर्चीवर बसून तो गप्पा झोडायचा आणि उन्हं वाढली की पेंगायचा. अशाच एका दुपारी मिझे वाकली, आणि त्याचा कंझू दोन बोटांनी हळूच गुडघ्यापर्यंत वर सरकवला.

मकामेचा ब्रश थांबला. “बी मिझे, त्यांना विचारायला नको?”

“तू काढ. मला हेच हवंय. चेहरा नको.”

“झोपलेल्या माणसाचे...”

“तुला प्रदर्शनात भिंत हवी आहे ना? मग काढ.”

मकामेने काढलं. हात चांगला होता त्याचा, एकही घडी सुटली नाही.

उद्घाटनाला शेकुवे कडक इस्त्रीचा कंझू घालून, कपड्यांना ऊद देऊन आला. सोबत रुकिया. ओट्यावरच्या सगळ्यांना त्याने स्वतः बोलावलं होतं. मिझेने पडदा ओढला. भिंतभर दोन पाय, आणि खाली पट्टी: ‘शेकुवे’.

मग बकारी पुढे आला. “ह-हे तर ब-ब-बाओबाबचे बुंधे!”

दालन हसण्याने फुटलं. मास्तर डोळे पुसत हसत होते. सवयीने शेकुवेही हसला. मग तो चित्रात वर वर बघू लागला, चेहरा शोधत. चित्र गुडघ्यांवर संपत होतं. रुकियाने खाली वाकून त्याचा कंझू ओढून नीट केला, त्यावर आणखी हशा झाला.

तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, “शाब्बास गं ढोकरी! बरोब्बर मासा टिपलास!”

हसण्याची दुसरी लाट उठली. मिझेच्या कानशिलांत आग उसळली. या हसण्यासाठी तिने अर्धं आयुष्य काढलं होतं, आणि आता त्यातलं किती शेकुवेच्या वाट्याचं नि किती तिच्या, ते तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी शेकुवे एकटाच आला. जिना चढून धापा टाकत उभा राहिला.

“उतरव ते, पोरी.”

“नाही उतरवणार.”

“मी तुझं काय वाकडं केलं?”

“ढोकरी,” ती म्हणाली.

“कोण ढोकरी?”

तिला वाटलं, सोंग करतोय. पण त्याचे डोळे खरंच कोरे होते. मग तिलाच सांगावं लागलं: धक्का, पाहुणे, टोपली, मासे. तो बराच वेळ आठवत राहिला.

“नाही गं आठवत. किती जणांना काय काय म्हणालो मी. मला वाटायचं, सगळेच हसतायत.”

“कालही सगळेच हसले,” मिझे म्हणाली. “चित्र राहील.”

तो कठड्याला धरून एकेक पायरी उतरला. ती वर उभी राहून बघत राहिली. हात द्यायला गेली नाही.

शेकुवे पुन्हा ओट्यावर दिसला नाही. दारावरून जाणारी पोरं ‘बाओबाब, बाओबाब’ ओरडत. रुकिया बादलीभर पाणी फेकायची, पोरं आणखी चेकाळायची. मोठ्या पावसाच्या दिवसांत तो घरातच वारला.

ही बातमी मिझेला बकारीने दिली. सांगताना त्याला हसू आवरत नव्हतं.

“म-मयताला आंघोळ घालायला एरवी म-माणसं मिळत नाहीत, बी मिझे. आज इ-इतके जण आले की द-दाराला आतून कडी लावावी लागली. जो तो म्हणे, च-चित्रातल्यासारखे आहेत का ते ब-बघू दे!”

“बघितलंस तू?”

“ख-खिडकीतून.”

त्याला घालवून ती वर गेली. चित्राच्या चौकटीला दोन्ही हात लावले. चौकट जड होती, खिळ्यावरून जराशी उचललीही गेली. खाली धक्क्यावर होडी लागली होती. परगावच्या पाहुण्यांचे आवाज जिन्यात आले. “ते पायांचं चित्र इथंच ना?” कोणीतरी विचारलं.

मिझेने चौकट परत खिळ्यावर टेकवली, तिरकी झाली होती ती सरळ केली.

“इथंच,” ती म्हणाली, आणि त्यांना नीट दिसावं म्हणून बाजूला झाली.