लीलाताईंनी मागितलेली साक्ष

लीलाताई गेल्याचं पोस्टकार्ड मुलुंडला माझ्या हाती पडलं, तेव्हा त्यांचा दहावाही होऊन गेला होता. आता महिना झाला, तरी मन तिथेच घुटमळतंय...

अंधेरीच्या मिशनच्या शाळेत त्या इतिहास शिकवायच्या, मी मराठी. एका वर्षी शाळा चालवणाऱ्या मदरनी त्यांच्यावर एक काम सोपवलं. सातशे वर्षांपूर्वी परमुलखातल्या मठात एक नन होऊन गेली, तिचं चरित्र इंग्रजी कागदांवरून मराठीत लिहायचं, इथल्या ख्रिस्ती घरांसाठी. देवाधर्माच्या बाबतीत लीलाताई तशा कोरड्याच, पण कामाला बसल्या की बसल्या. ननच्या पार्थिवाला फुलांचा सुगंध येत होता, ही हकिकत तिच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी लिहिलेली निघाली. त्यांनी ती बाजूला ठेवली. ती गेली तेव्हा मठाची घंटा आपोआप वाजली, ही गोष्टही बाजूला ठेवली. उरली ती मठातल्याच एका स्वयंपाकिणीची जबानी: 'मला तिचा राग यायचा. पण माझ्या अंगभर फोड उठले, कुणी जवळ येईना, तेव्हा तीच रोज जखमा धुवायची. मी तिला शिव्या द्यायचे.'

"बघ गं," लीलाताई मला म्हणाल्या, "जिला ती आवडत नव्हती, तिची साक्ष. ह्याहून मोठा पुरावा कुठला आणायचा?"

मदर नाराज झाल्या. लोकांना चमत्कार हवेत, नाहीतर पुस्तक दुसऱ्या कुणाला देते, म्हणाल्या. लीलाताईंनी सुगंध घातला, पण त्याच्याआधी 'असे लोक सांगतात' एवढे शब्द लिहिले आणि ते काढायला साफ नकार दिला. मदरनी दोन दिवस कागद अडवून ठेवले. तिसऱ्या दिवशी मजकूर तसाच छापायला गेला.

पुढे मढच्या एका ख्रिस्ती विद्यार्थिनीकडे आम्ही जेवायला गेलो होतो. मुलीने आजीला पुस्तक वाचून दाखवलं. म्हातारी सुगंधापाशी गप्पच होती. मग म्हणाली, "त्या फोडांचा परत वाच गो." लीलाताईंनी चटकन तोंड फिरवलं... त्यांचे डोळे भरलेले मी तेवढे एकदाच पाहिले.

परवा त्यांच्या घरी भेटायला गेले. बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, जाताना चेहऱ्यावर काय तेज होतं! माझ्या तोंडून निघून गेलं, "कुणी पाहिलं?"

त्यांची भावजय कोपऱ्यात गहू निवडत होती. दोघींचं कधी पटलं नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. ती मान वर न करता म्हणाली, "मी होते जवळ. तेज बिज काही नव्हतं. घोटभर पाणी प्यायल्या नि म्हणाल्या, सकाळपासून तुझ्या पोटात काही नाही, आधी जेवून घे."

आणि तिच्या हातातलं सूप तसंच थांबलं.