आबांच्या अंगणातला कोंबडा

ती घटना आठवायला मला निमित्त शोधावं लागत नाही. सकाळी कुठं कोंबडा आरवला की पुरतं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. खून-दरोड्यांचे तपास आता डोक्यात एकमेकांत मिसळायला लागलेत, ही केस मात्र जशीच्या तशी आहे. कोंबड्यांची केस म्हणून तेव्हा ठाण्यात सगळे हसले होते. मीही हसलो होतो.

अंथुर्ण्याच्या पुढं, कॅनॉलच्या कडेला एक गाव आहे. नाव सांगत नाही. तिथल्या दहा-बारा बायकांनी मिळून गट केला होता. प्रत्येकीच्या दारात पाच-दहा गावरान कोंबड्या, एखादी शेळी. एकटीनं सेंद्रिय खाद्य आणणं परवडत नाही, आणि गिरणीवालाही एका पोत्यासाठी वेगळं दळून देत नाही. म्हणून महिन्यातून एकदा सगळ्यांचं मिळून यायचं. फवारणी न केलेला मका, सोयाबीन आणि तांदळाची कणी यांचा भरडा. बारामतीतली डॉक्टर-प्राध्यापक मंडळी त्यांची 'बिनऔषधाची अंडी' आधी सांगून ठेवून घ्यायची.

गट काढला होता गावातल्या अंगणवाडी सेविकेनं. गिरणी शोधणं, माल डोळ्यांखाली दळून घेणं, टेम्पोबरोबर येणं हे सगळं तीच करायची. पोती मात्र आबांच्या खोलीत उतरायची. आबा म्हणजे गावातलं वजनदार माणूस, साखर कारखान्याचे जुने सभासद. कोरडी, फरशीची रिकामी खोली त्यांच्याकडंच होती आणि त्यांची सून गटात होती. वाटपाची बायकांची एक पद्धत होती. सगळी पोती एका ताडपत्रीवर ओतायची, फावड्यानं एकत्र करायची, मग पाटीनं वाटायची. एकीला चांगलं आणि दुसरीला भुगा अशी कुरकुर नको. ज्या घरात माल ठेवलाय, त्या घराची पाटी शेवटी.

एका सकाळी हेच घर सोडून गटातल्या सगळ्या दारांत कोंबड्या मरून पडल्या. दोन शेळ्याही गेल्या. 'हेच घर सोडून' हे मला आज लिहिता येतं. त्या दिवशी ते कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही.

बायका मेलेल्या कोंबड्या पाट्यांत घालून ठाण्यात आल्या. एकीनं पाटी माझ्या टेबलावर ठेवली. "सायेब, कुणीतरी ईख घातलंय. आमचं घर ह्यावर चालत हुतं." गर्दी वाढत होती, आरडाओरडा चालू होता, आणि तेवढ्यात ठाण्याच्या फोनवर खबर आली. नाव न सांगता कुणीतरी म्हणालं, "अंगणवाडीच्या बाईनं ह्या खेपेला गिरणी बदललीय. तिला इचारा." फोन ठेवून दिला.

ती बाई बौद्धवस्तीतली. गटातली बाकीची बहुतेक घरं मराठा-माळ्यांची. तिच्याबद्दल वावगं कुणी बोललं नाही, पण तिचं नाव निघाल्यावर "ती तसं करायची न्हाय" असंही कुणी म्हटलं नाही. मला ती शांतता कळली होती. कळूनही मी त्या शांततेचा फायदा घेतला, कारण गर्दी पांगवायला मला एक नाव हवं होतं.

महिलेचा जबाब तिच्या राहत्या घरी जाऊन घ्यायचा, हा नियम मी नव्या शिपायांना स्वतः शिकवत असे. त्या दिवशी मी महिला हवालदारासह जीप पाठवली, तीही घरी नाही, थेट अंगणवाडीवर. पोरांना सोडायला आलेल्या आयांच्या देखत तिला जीपमध्ये बसवलं.

ती माझ्यासमोर बसली तेव्हा पोरांच्या हजेरीची वही तिच्या मांडीवर तशीच होती.

"गिरणी का बदलली?" मी विचारलं.

"जुना गिरणीवाला आमच्या दळणाआधी गिरणी झाडत न्हवता साहेब. दुसऱ्याच्या मालाचा भुगा आमच्यात यायचा. सेंद्रिय म्हणून विकायचं तर मनाला पटलं पाहिजे."

"मग ह्या वेळी त्यात काय मिसळलं?"

"मी काय मिसळीन? माझ्या नऊ कोंबड्या मेल्यात. एक खुडूक बसली हुती, अंड्यांवरच गेली."

यावर मी जे बोललो ते लिहायला हात जड होतो. मी म्हणालो, "आपल्यावर संशय नको म्हणून माणूस आपल्याही मारतो." ती वहीचा कोपरा दुमडत बसली. दिवस मावळायच्या आत तिला घरी सोडलं, पण गावाच्या दृष्टीनं निकाल लागला होता.

त्याच संध्याकाळी पशुवैद्यकीय दवाखान्यातून डॉक्टरांचा निरोप आला. कोंबडीची चिरफाड करताना लसणासारखा उग्र वास सुटला होता. तो वास पोलिसाला सांगावा लागत नाही. धान्याला कीड लागू नये म्हणून ठेवायच्या गोळ्यांचा तो वास. आम्हाला तो कोठारांतून माहीत होत नाही, माणसांच्या पंचनाम्यांतून होतो. म्हणजे विष गिरणीत नाही, साठवणीत पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांच्या खोलीचा पंचनामा करायला गेलो. शांतता ऐकू येईल इतकं गाव गप्प होतं. गटातल्या एकाही दारात कोंबडी नाही. दोन पंच सह्या करत होते आणि आबांच्या परसात कोंबडा आरवला.

मी हातातला कागद खाली ठेवला. परसात गेलो. पाच कोंबड्या आणि एक कोंबडा निवांत माती उकरत होते. उकिरड्याच्या एका कोपऱ्यात माती नुकतीच ओढलेली दिसत होती. शिपायाला उकरायला लावलं. हातभर खाली भरडा निघाला, आबांच्या घराची शेवटची पाटी.

सून दारात उभी होती. मी विचारायच्या आत तिला रडू फुटलं. "मामंजींनी पुरलं. मला म्हणाले, ह्या कानाचं त्या कानाला कळू दिऊ नगंस."

आबा ओट्यावर होते, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. मी शेजारी बसलो. दमदाटी करावी लागली नाही.

"सायेब, भरड्यात पोरकिडे झालं हुतं," ते म्हणाले. "बाया म्हणल्या असत्या, आबाची खोली वल्ली हाय. लाज वाटली. आमी ज्वारीत टाकतो तशा गोळ्या टाकल्या. फडक्यात बांधून टाकायच्या असत्यात, पर डोळ्याला दिसंना. म्हणलं, वाटपाच्या आदी चाळून काढू."

गोळ्या टाकल्या त्याच दिवशी ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनला बारामतीला गेले. इकडं गावात लग्न निघालं, म्हणून बायकांनी वाटप दोन दिवस आधी उरकलं. सगळं ओतलं, सगळं एकत्र केलं; गोळ्या फुटून भरड्यात मिसळल्या. कुणाला कमी-जास्त नको म्हणून केलेल्या त्या ढिगानं विषसुद्धा सगळ्यांना सारखं वाटलं.

"तुम्ही परत कधी आलात?"

"वाटपादिवशीच. चारच्या यस्टीनं. ताडपत्री धुऊन वाळत घातल्याली दिसली, तवाच कळलं, वाटप झालंय."

बहुतेक घरांत ते खाद्य दुसऱ्या दिवशी सकाळी घातलं गेलं होतं. म्हणजे आबांच्या हातात एक अख्खी संध्याकाळ होती. ओट्यावरून एक हाक मारली असती तर गाव गोळा झालं असतं.

"मग सांगितलं का नाही?"

"सेंद्रियात गोळ्या टाकल्या म्हणून कसं सांगू? तोंड न्हवतं सायेब."

"आणि त्या बाईला जीपमधून नेलं, तेव्हा?"

आबांनी डोळ्यावरची पट्टी नीट केली. फोन कुणी केला होता, ते मी विचारलं नाही. तोही माझा भित्रेपणाच.

निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल केला. गावानं बसून मिटवलं, बायका जबाबावरून मागं फिरल्या. त्या बैठकीला बाईला कुणी बोलावलं नाही. आबांनी सुनेच्या हाती त्या सहाही जिवंत कोंबड्या डालग्यात घालून तिच्याकडं पाठवल्या. तिनं त्यांना पाणी पाजलं आणि डालगं परत पाठवलं. गट पुन्हा झाला नाही. आता प्रत्येक घर आपापलं पोतं दुकानातून आणतं, मिळेल ते.

तपासात मेलेल्यांचा पंचनामा आम्ही नेमानं करतो. वाचलं कोण, का वाचलं, हे आधी बघावं, एवढं या केसनं मला शिकवलं. पुढं नोकरीत त्याचा उपयोगही झाला, शाबासकी मिळाली. दुसरी शिकवण मात्र नोकरीच्या कामाची नव्हती.

बदली झाल्यावर, निघायच्या आदल्या दिवशी मी साध्या कपड्यांत तिच्या घरी गेलो. म्हणालो, "ताई, माझं चुकलं." तिनं चहा केला. कप ठेवताना म्हणाली, "साहेब, जीप आली तेव्हा दारात सगळ्या आया उभ्या होत्या. आज तुमी एकटं आलाय. हे कुणी बघितलंय?"

मी चहा घेतला आणि निघालो.

ती अजून त्याच अंगणवाडीत आहे. सकाळी दहाला आया पोरांना सोडायला येतात. मला वेळ ठाऊक आहे, रस्ताही ठाऊक आहे. आता तर सुट्टीसाठी कुणाला अर्जही करायचा नसतो.