शेवंताबाईंच्या आठवणीतली मुलगी

परभणी स्टेशनवर उतरलो तेव्हा रुळांवर अजून धुकं होतं. गौरीने बॅग खाली ठेवली आणि विचारलं, "मी इथूनच गेले होते का?"

मी हो म्हटलं. तेव्हा ती सव्वा वर्षाची होती आणि माझ्या खांद्यावर झोपली होती. आता ती बारा वर्षांची आहे. इटलीत तोरिनो शहरात शाळेत जाते, घरात आमच्याशी मराठी बोलते आणि बाहेर इटालियन. नाताळच्या सुट्टीत वर्गातली मुलं बर्फात खेळायला डोंगरावर जातात. यंदा गौरीने सांगितलं, मला परभणीला जायचंय. माझ्या नवऱ्याला, नितीनला, रजा मिळाली नाही. म्हणून आम्ही दोघीच निघालो.

जन्म देणारी आई सापडणार नाही, हे तिला ठाऊक आहे. ती बेवारस सापडलेलं बाळ होती. तिचा वाढदिवससुद्धा डॉक्टरांनी अंदाजाने लिहिलेला आहे. हे सगळं आम्ही तिला लहानपणापासून सांगत आलो, कारण दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आईबापांनीच सांगावं, असं आम्हाला बजावलं गेलं होतं. पण त्या सव्वा वर्षात कुणीतरी तिला न्हाऊ घातलं असेल, उचलून घेतलं असेल. त्या बाईला भेटायचंय, एवढंच तिचं म्हणणं होतं. "कुणाला तरी मी आठवत असेन ना," ती म्हणाली.

लॉजवर सामान टाकून नाश्त्याला गेलो. हॉटेलात सुशीला मिळाली (भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी देऊन करतात). बाईच्या नावाचा पदार्थ म्हणून गौरीला हसू आलं. त्या प्रवासात ती मोकळेपणाने हसली ती तेवढीच.

शिशुगृहाची जुनी इमारत मला नीट आठवत होती. रिक्षा तिथे पोचली तर पाटी शिकवणीच्या क्लासची होती. खालच्या दुकानदाराने संस्था कधीच हलल्याचं सांगितलं, पत्ता मात्र त्याला ठाऊक नव्हता. रिक्षावाल्याने दोन ठिकाणी चौकशी करून आम्हाला शहराच्या दुसऱ्या टोकाला नेलं. वाटेत गौरी त्या जुन्या इमारतीबद्दल विचारत होती. पाळणे कुठे होते, खिडकी कुठल्या बाजूला होती. मला सांगता येईना. त्या दिवसांत माझं सगळं लक्ष कागदांत होतं. तिकडे घराची आणि आमची तपासणी, दोन्ही देशांच्या परवानग्या, मग इथल्या कोर्टाचा हुकूम, मग पासपोर्ट. वाट बघण्यात वर्षं गेली होती. मूल हातात आल्यावर मला फक्त लवकर घरी पोचायचं होतं. खिडकी कुठे आहे, हे मी पाहिलंच नव्हतं.

नव्या जागेतल्या अधीक्षिका नंतर आलेल्या होत्या. त्यांनी चहा मागवला आणि नियम समजावून सांगितला. फायलीत जे आहे ते दाखवता येईल, पण त्याची प्रत माझ्याकडे आधीच होती. खोलीच्या कोपऱ्यात दोन बहिणी चित्रं रंगवत होत्या, मोठी आठेक वर्षांची असावी. गौरी त्यांच्याजवळ जाऊन बसली. अधीक्षिका हळू आवाजात म्हणाल्या की तान्ही बाळं आता इथल्याच पालकांकडे जातात. परदेशातल्या लोकांच्या वाट्याला येतात ती अशी मोठी मुलं, भावंडांच्या जोड्या, नाहीतर आजारी लेकरं. ते लोकही तान्हं बाळ मनात धरून अर्ज करतात आणि मग अडून बसतात. या दोघींचा फोटो कितीजणांनी पाहून बाजूला ठेवला होता.

गौरीच्या वेळची आया म्हणजे शेवंताबाई, हे त्यांच्याकडूनच कळलं. त्या काम सोडून आपल्या गावी, राणीसावरगावला गेल्या होत्या. फोन नंबर कुणाकडेच नव्हता. निघताना अधीक्षिकांनी मला दारापाशी थांबवलं. "खूप लेकरं गेली त्यांच्या हातून, ताई. फार आशा ठेवू नका." हे मी गौरीला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी गंगाखेडला बस बदलून राणीसावरगाव गाठलं. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कमरेएवढी ज्वारी, मधेच तुरीचे वाळलेले पट्टे. आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस नव्हता. गावात शिरलो तर एका गल्लीतली निम्मी घरं कुलुपात होती. माणसं ऊसतोडीला गेली होती, मागे म्हातारी माणसं आणि कुत्री राहिलेली. शेवंताबाईंच्या दारालाही कुलूप होतं. समोरच्या ओट्यावर एक आजोबा बसले होते.

"कोणाकडं आलाव?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. ते म्हणाले, "शेवंता हितं न्हाई आता. पोराकडं पूर्णेला हाय. पोरगा रेल्वेत काम करायलाय."

त्यांनी आम्हाला ओट्यावर बसवलं. सुनेने पाणी दिलं, मग चहा. मुलगी कुणाची, असं विचारल्यावर मी माझीच म्हटलं. त्यांनी गौरीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "लेकरू इकडचंच दिसायलंय," ते सहज म्हणाले. त्यांच्या मनात काही नव्हतं. पण परतीच्या बसमध्ये गौरी चढणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडे बघत राहिली. एका बाईने विचारलं, काय गं, काय बघायलीस? तिने मान खाली घातली.

तिसऱ्या दिवशी परभणीहून पूर्णेला जाणारी पॅसेंजर फार उशिरा आली. फलाटावर बसून आम्ही भाकरी आणि ठेचा खाल्ला. गौरीला ठेचा सोसला नाही, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी पाणी पुढे केलं तर ती म्हणाली, इथे राहिले असते तर मला हे खाता आलं असतं. मी तिच्या भाकरीवरचा ठेचा काढून माझ्या भाकरीवर घेतला.

पूर्णा रेल्वेचं गाव आहे. जंक्शनच्या मागे रेल्वेच्या क्वार्टरच्या रांगा आहेत. तिथे विचारत गेल्यावर शेवंताबाईंचा मुलगाच भेटला. ड्यूटीवरून आला होता, गणवेश अंगावरच होता. मी कोण, कुठून आले हे ऐकून तो खूश झाला आणि म्हणाला, आईला समदी लेकरं आठवतात, तुमी चला तर. गौरी माझ्या पुढे चालायला लागली.

शेवंताबाई दारात उन्हाला बसल्या होत्या. लहानखुऱ्या, केस पांढरे, नजर अधू झालेली. मुलाने कानाशी वाकून सांगितलं तशा त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि गौरीचा चेहरा चाचपला.

"आठवती की," त्या म्हणाल्या. "न आठवायला काय झालं? लय रडायची. काखेतून उतरायचीच न्हाई. आन् पायाला भाजल्याचा डाग व्हता हिच्या. उजव्या पायाला, नडगीवर."

गौरीचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आधी तो उजळला. मग तिने खाली पाहिलं. वाकून बूट काढला, मोजा उतरवला, पँट गुडघ्यापर्यंत वर घेतली. पायावर काही नव्हतं. मग तिने डाव्या पायाचाही मोजा काढला.

शेवंताबाईंनी नडगीवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. मुलगा घाईने म्हणाला, मिटला असंल डाग, इतकी वर्सं झाली. त्यांनी मान हलवली.

"भाजल्याचा डाग मिटतो व्हय? ती दुसरी असंल." मग म्हणाल्या, "खोटं कशाला बोलू, बाई. तू मला आठवंना."

मी गौरीला इटालियनमध्ये सांगू लागले की आजी थकल्या आहेत, त्यांना दिसत नाही. तिने मला मधेच थांबवलं. "मला कळलं, आई."

सुनेने चहा आणला. शेवंताबाईंनी गौरीचा हात सोडला नव्हता. तिचं नाव त्यांनी दोनदा विचारलं आणि म्हणाल्या, महालक्ष्म्यांत (गौरी-गणपतीच्या सणात) आलेल्या पोरीचं नाव आमी गौरी ठेवायचो, तू बी तवाच आली असशील. सकाळी सगळ्यांना ओळीने कोमट पाण्याने आंघोळ घालायच्या, उन्हात निजवायच्या, वाटी-चमच्याने दूध पाजायच्या. तुला बी पाजलं असंल मी, त्या म्हणाल्या. असंल, एवढंच.

मग त्यांनी त्या दुसऱ्या मुलीबद्दल बोलायला सुरुवात केली. तिचं नाव मंगल. तिलाही परदेशातल्या कुणीतरी नेलं होतं. जाताना ती त्यांचा पदर धरून होती आणि तो सोडवून घ्यावा लागला होता. तेव्हापासून तिची काही खबर नव्हती.

"तुमच्या तिकडं हाय का ती?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, मावशी, परदेश म्हणजे खूप देश, मला माहीत नाही. त्यांना ते पटलं नसावं. त्या गौरीकडे वळल्या. "कुटं दिसली तर तिला म्हणावं, शेवंता हाय अजून."

"सांगेन," गौरी म्हणाली.

मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत ती खिडकीशी बसली. म्हणाली, "मी नाही, मंगल यायला हवी होती त्यांच्याकडे." मग म्हणाली, "माझं असं कुणी नसेलच कदाचित." तिच्या म्हणण्यात चूक काय होती? मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो तिने झटकला नाही, पण माझ्याकडे वळलीही नाही.

तोरिनोला परतल्यावर एक मराठी जोडपं घरी आलं. त्यांना भारतातून मूल दत्तक घ्यायचं आहे. कागदपत्रं कोणती, वेळ किती लागतो, असं त्यांनी विचारलं आणि मी माहीत होतं ते सांगितलं. शिशुगृहातल्या त्या दोन बहिणींबद्दलही सांगितलं. त्यावर जोडप्यातल्या नवऱ्याने वेळ किती लागतो ते पुन्हा विचारलं. बायको चाचरत म्हणाली, "बाळ अगदी लहान असेल, तर त्याला मागचं काही आठवत नाही ना?"

मी म्हटलं, नाही आठवत. गौरीलाही काही आठवत नाही. मग मी त्यांना पूर्णेला काय झालं ते सांगितलं. गौरीची आई मी आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही आणि तिच्याही नाही. तरी तिच्या आयुष्यातलं ते पहिलं सव्वा वर्ष मी तिला कुठूनही आणून देऊ शकत नाही. मूल घरी येतं तेव्हा ही न भरणारी जागाही बरोबर येते, आणि ती कशी भरायची हे घराच्या तपासणीला येणाऱ्या बाई शिकवत नाहीत. मूल घेऊ नका, असं मी त्यांना म्हटलं नाही. मला पुन्हा विचारलं तर मी गौरीलाच घेईन. हेही सांगितलं.

निघताना ती बाई गौरीच्या खोलीच्या दारात थांबली. गौरी अभ्यास करत होती. त्या बाईने विचारलं, "परत जाशील का गं तिकडे?"

"जाईन," गौरी म्हणाली. "पूर्णेला जाईन. आता गेले तर त्यांना मी आठवेन."