कबड्डीच्या गावात फुटबॉल

आमच्या गावच्या फुटबॉल क्लबला पन्नास वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघणार होती. क्लबचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी शाळेत मराठी शिकवते आणि माझे बाबा पहिल्या संघाचे गोलकीपर. मला मात्र पहिल्यापासून वाटत होतं, इथं कुठंतरी पाणी मुरतंय. चिखली तालुक्यातल्या आमच्या खेड्यात शेंबडं पोरगंही मांडी थोपटून कबड्डीला उतरतं. तिथं फुटबॉल आलाच कशाला?

क्लबचे अध्यक्ष म्हणजे त्या पहिल्या संघाचे कप्तान, गावातले बडे शेतकरी. त्यांना मी हेच विचारलं.

"काऊन म्हणजे? मैदान मोठं होतं," एवढंच म्हणाले आणि चहा मागवला. माझा चहा कागदी कपात आला. हल्ली सगळीकडे कागदीच कप असतात, तरी मी त्यांच्या हातातला कप बघून घेतला. तोही कागदीच होता. माझा संशय काही त्यानं गेला नाही.

कबड्डीत माणसाला धरावं लागतं. पाय, कंबर, मनगट. फुटबॉलमध्ये चेंडूला लाथ मारली की झालं, आणि गोलकीपर तर सगळ्यांपासून लांब, एकटा. आमच्या बौद्ध वस्तीतले बाबा एकटेच त्या संघात होते. एवढं कळायला काही फार डोकं लागत नाही.

पण बाबांना त्या स्मरणिकेचं कोण कौतुक! रोज विचारायचे, "माह्यं नाव कोणत्या पानावर येते?" मी शंका काढली की चिडायचे. "तुले सगळीकडं तेच दिसते. चांगलं चांगलं लिह्य ना माय." म्हाताऱ्या बापाचा एवढा एक अभिमान आपल्याच हातानं मोडायची मला भीती वाटली. शेवटी 'क्रीडाप्रेमापोटी फुटबॉलची निवड झाली' असं लिहून टाकलं. लिहिताना माझीच मला चीड आली.

दुपारी ओसरीवर त्यांना सगळं वाचून दाखवलं. स्वतःचं नाव आलं तसे हसले. मग कागद मागून घेतला आणि त्या वाक्यावर बोट ठेवलं.

"हे खोटं हाय," ते म्हणाले. "मी कबड्डीचा गडी होतो. आपल्या वस्तीत मले पकडणारा कोणी नोहता. फुटबॉल मले कधी आवडलाच नाही."

"मंग खेळले काऊन, बाबा?"

"त्याईच्यासंग खेळायचं होतं ना."