पांढरा ठेवलेला भाग

संग्रहालयात काचेआड प्राचीन हत्तीचा जबडा ठेवला आहे. नर्मदेच्या काठावरून ह्यांनी तो तुकड्यातुकड्यांनी आणला आणि वर्षानुवर्षे जुळवला. जो भाग मिळालाच नाही तिथे प्लॅस्टर भरलं, पण ते मुद्दाम पांढरंच ठेवलं. "हाड कुठे संपतं आणि माझा अंदाज कुठे सुरू होतो, हे बघणाऱ्याला कळायला हवं," असं ते म्हणत.

ते गेल्यानंतर काल मी प्रथमच तिथे गेले, तर सगळा जबडा एकसारखा तपकिरी. ह्यांचा लाडका विद्यार्थी, आता तिथला प्रमुख, कौतुकाने म्हणाला, "काकू, जोड सापडतोय का बघा! सरांचं काम आता कसं पूर्ण वाटतंय."

गेलेल्या माणसाला हरकत घेता येत नाही. शोकसभेतही ह्यांचं असंच झालं होतं. कधी न चिडणारे, कधी न चुकणारे असे कुणी तरी परकेच गृहस्थ त्या भाषणांतून उभे राहिले होते.

"हा रंग काढता येईल का रे?" मी विचारलं.

"कशाला काकू? लोकांना असंच आवडतं."

जबड्याखाली ह्यांचं नाव ठळक अक्षरांत होतं. त्या नावाने सांगितलं गेलेलं हे पहिलं खोटं.