आडवे माझे, उभे ताईचे

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी कॉमेंटमध्ये टोमणा मारायला नको. मी शाळेत विज्ञान शिकवते. भूत, भानामती, नजर, उतारा... यातलं काहीही आमच्या माहेरी उंबऱ्याच्या आत आलं नाही. बाबांनी आम्हा बहिणींना एकच शिकवलं होतं – जे दिसत नाही त्याला भ्यायचं नाही, आणि जे दिसतं ते तपासून घ्यायचं. या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी आजवर चहासोबत भजी खावीत तसे वाचत आले. पोट भरत नाही, पण मजा येते. आणि आज मीच लिहायला बसले आहे. घ्या!

मी राहते अमरावतीला, साईनगरात. माझी थोरली बहीण कुंदाताई अकोल्याला, डाबकी रोडवर. ताई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली. भाऊजी सिंचन खात्यातून. दोघांच्या संसारात बोलण्याचं खातं ताईकडे आणि मान हलवण्याचं भाऊजींकडे, असं पहिल्यापासून वाटप झालेलं.

आम्हा बहिणींना कोड्यांचं वेड लहानपणापासून. रविवारच्या पेपरातलं शब्दकोडं कोण सोडवणार यावरून इतकी ओढाओढ व्हायची की पेपरच फाटायचा. शेवटी ताईनेच तोडगा काढला. आडवे शब्द माझे, उभे तिचे. पेन्सिल मात्र तिने कधी हातात घेतली नाही. मी वाचून दाखवायचं, ती झोपाळ्यावर लोळत उत्तर सांगणार, लिहायचं पुन्हा मीच. "मी मोठी हाओ," एवढंच तिचं कारण.

चार-पाच वर्षांपूर्वी मला जोडीने खेळायच्या ऑनलाइन शब्दकोड्यांच्या स्पर्धेची लिंक मिळाली. नियम असा की दोघांनी आपापल्या फोनवरून एकच कोडं भरायचं. एकाने फक्त आडवे शब्द, दुसऱ्याने फक्त उभे. दुसऱ्याच्या शब्दाला हात लावायला गेलं तर अक्षर उमटतच नाही. आपलं अक्षर निळं दिसतं, जोडीदाराचं केशरी. नियम वाचून मी ताईला फोन केला तेव्हा मला बोलताच येईना, इतकं हसू येत होतं. जणू कुणीतरी आमचंच घर बघून स्पर्धा काढली होती! आमच्या जोडीचं नाव आम्ही ठेवलं 'ठेचा-भाकर'. आता टाइप करावं लागतं म्हणून ताई कुरकुरायची. त्यातून त्यांच्या घरात नेटला धड रेंज नाही, कोडं उघडायचं ते फक्त गच्चीवर. त्यामुळे डोक्यावर ओला टॉवेल घेऊन, गच्चीवरच्या टिनाखाली बसून बाई कोडी सोडवायची. खाली भाऊजी वाट बघत, की आज जेवण मिळतं का स्वतः वाढून घ्यावं लागतं.

यंदा आम्ही फेरीमागून फेरी जिंकत गेलो आणि चक्क अंतिम फेरीत पोचलो. आणि तेवढ्यात... ताईला अर्धांगाचा झटका आला.

जीव वाचला. हातपाय हळूहळू कामाला लागले. पण बोलणं गेलं. सगळं कळायचं, डोळे सगळं सांगायचे, पण तोंड उघडलं की नुसता आवाज. डॉक्टर म्हणाले, "शब्द आत आहेत, बाहेर यायची वाट सापडत नाही. येतील, किंवा नाही येणार. सांगता येत नाही." आठवडे गेले, एक शब्द नाही. माझी ताई, जी रिक्षावाल्याला त्याच्या मुलांची नावं विचारल्याशिवाय उतरायची नाही, ती भिंतीकडे बघत बसायला लागली. मला हे सहन व्हायचं नाही. अकोल्याहून परत येताना गाडीत मी प्रत्येक वेळी रडायचे, आणि शेजारचे प्रवासी मला खिडकीची जागा द्यायचे.

ताईच्या शेजारच्या मंगलाकाकूंनी उतारा सुचवला. "एक नारळ न् लिंबू ओवाळून टाका, वहिनी चुटकीसरशी बोलतीन." ताईने असे डोळे वटारले की काकू अर्धा चहा सोडून गेल्या.

तिचा फोन मीच बंद करून कपाटात, साड्यांखाली ठेवायला लावला होता. स्पर्धेच्या ग्रुपवरचे मेसेज वाजले की ती रडायची. भाऊजींकडे साधा बटणांचा फोन. हे लक्षात ठेवा.

अंतिम फेरी मे महिन्यात होती. मी ताईला म्हटलं, "आपण नाव काढून घेऊ. पुढच्या वर्षी खेळू." तर तिने डाव्या हाताने समोरचा चमचा उचलला आणि मला फेकून मारला! नेम चुकला. पण निरोप पोचला.

मग ठरलं. मी एकटी खेळायचं. तिच्या घरी नेटला रेंज नाही, तिला गच्चीवर नेता येत नाही, म्हणून मी अमरावतीलाच. उभे शब्द रिकामे राहतील, अर्धेच गुण मिळतील, शेवटचा नंबर येईल... येऊ दे.

रविवार, सकाळी अकरा. आमच्या ह्यांना मी भाजी आणायला पिटाळलं, फोनवर येणारे कॉल बंद केले आणि बसले. कोडं उघडलं. पहिले दोन आडवे शब्द पटकन सुटले. आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, मी उभ्या शब्दांची पहिली ओळ मोठ्याने वाचली. घरात कुणी नाही, समोर कुलर घरघरतोय, आणि मी विचारतेय, "ताई, झोपेत डोकं हिच्या हवाली. दोन अक्षरं."

उत्तर मला येत होतं हो. उशी. पण मला भरता येणार नव्हतं.

मी पुन्हा आडव्याकडे वळले, आणि बघता बघता त्या दोन घरांत अक्षरं उमटली. केशरी. उ... शी.

मी आधी चष्मा पुसला. मग वाटलं, भाऊजींनी फोन काढला असेल, कुणाला तरी सोबत घेऊन गच्चीवर बसले असतील. म्हटलं, बघू तरी. पुढची ओळ वाचली. "पाणी घातलं की हिची पोळी होते." थोडा वेळ काहीच नाही. मग कणिक. केशरी. मग विळा. मग नारळ. मग सनई. मी वाचत होते आणि शब्द येत होते, अगदी ताईच्या चालीने... म्हणजे आधी रुसल्यासारखा वेळ घेऊन आणि मग धाडकन. मला भीती वाटली का, असं सगळे विचारतात. नाही वाटली. खरं सांगते, मला इतका आनंद कित्येक दिवसांत झाला नव्हता. मी खुर्चीत बसल्या बसल्या नाचत होते.

शेवटी माझाच एक आडवा शब्द अडला. "तोंडाला कुलूप माहीत नाही अशी." पाच अक्षरं. काही केल्या सुचेना. घड्याळ पुढे पळतंय. त्या शब्दाचं शेवटचं अक्षर ताईच्या उभ्या शब्दात होतं. मी जवळजवळ ओरडूनच तिची ओळ वाचली, "जुन्या लुगड्यांची ऊब! ताई, लवकर!"

गोधडी.

शेवटी डी. आणि मला सुचलं... बोलघेवडी. बाबा ताईला हेच म्हणायचे. रडत रडत मी तो भरला आणि कोडं पूर्ण झालं. स्क्रीनवर रंगीत कागद उडाले. 'ठेचा-भाकर' पहिले!

कॉल सुरू केले तशी फोनवर भाऊजींच्या कॉलची रांग दिसली. मी लावला.

"नंदे!" भाऊजी असे ओरडले की मी फोन कानापासून लांब धरला. "कुठं होती वं तू? लवकर ये. बोलली! तुही ताई बोलली!"

"काय बोलली?"

"बोलली, पण डोक्यात फरक पडला वाटते मले. पह्यले उशी म्हणे. म्या उशी देल्ली. मंग कणिक म्हणे. म्हटलं भूक लागली अशीन, डबा आणून ठेवला. तं विळा म्हणे! आता विळा कायले पायजे? पण म्हटलं, इतक्या दिवसांनी बोलून राहिली, नाई कसं म्हणू? विळा आणला. मंग नारळ. तो मंगलाकाकूकडून आणला, त्या तं खूश झाल्या, म्हणे मी म्हटलंच होतं उतारा पायजे. मंग सनई! मी आता सनई कुठून आणू वं? काकूनं मोबाइलवर लग्नातली सनई लावून देल्ली. आन् आता या उन्हात गोधडी मांगून राहिली! म्या कपाटावरून काढून तिच्या अंगावर टाकली, तं माह्यावरच डोळे वटारते."

मी स्पीकर लावला आणि स्क्रीनवरचे केशरी शब्द पुन्हा एकदा वाचले.

"भाऊजी... ताईचा फोन कुठं आहे?"

"कपाटात. बंद. तूच तं ठेवायले लावला. काहून?"

आमचे हे भाजी घेऊन आले तेव्हा मी जमिनीवर बसून हसत होते आणि रडतही होते. भाजीची पिशवी तशीच टाकून आम्ही गाडी काढली. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू... रस्ताभर मी त्यांना तेच तेच सांगत होते आणि ते "हूं" म्हणत होते.

अकोल्याला पोचलो तर दृश्य बघण्यासारखं होतं. पलंगावर मध्यभागी ताई. एका बाजूला कणकेचा डबा, विळा आणि नारळ. पायाशी फेकलेली गोधडी. काकूंच्या मोबाइलवर अजून सनई चालू. आणि भाऊजी घामाघूम, पुढच्या हुकुमाची वाट बघत उभे.

ताईने मला पाहिलं. तिचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. एकेक शब्द ओढून काढत ती म्हणाली, "किती... किती टाइम... लावते वं तू."

मी तिच्या गळ्यात पडले. भाऊजी मागे वळून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आणि काकूंनी सनईचा आवाज वाढवला.

आता तपासाचं सांगते, कारण मी बाबांची मुलगी आहे. कपाट उघडलं, फोन साड्यांखालीच होता. बॅटरी इतकी उतरलेली की चार्जिंगला लावल्यावरही बराच वेळ उठला नाही. गच्चीवर नेऊन स्पर्धेचं ॲप उघडलं तर त्याने आधी अपडेट मागितलं, मग पासवर्ड मागितला. आयोजकांना मी फोन करून विचारलं. ते म्हणाले, "दोन्ही खाती चालू होती मॅडम. अभिनंदन! ताईंची तब्येत सुधारली वाटतं." मी खरं ते सांगितलं आणि बक्षीस परत घ्या म्हटलं. त्यांनी मला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "मॅडम, आमच्या नियमात असं कुठंच लिहिलेलं नाही, आणि आता मी ते लिहिणारही नाही. ठेवा." आमचे हे विद्युत मंडळात होते. ते दोन दिवस सर्व्हर, लॉगिन असं काहीबाही बोलले आणि मग पेपर उघडून बसले. डॉक्टर म्हणाले, झटक्यानंतर बोलणं असं अचानक परत येऊ शकतं. येऊ शकतं ना, मला मान्य आहे. पण तेच शब्द? त्याच क्रमाने? आणि केशरी अक्षरांचं काय? डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

ताई आता बोलते. काही शब्द अजून अडतात, नावांची गल्लत होते. एकदा तिने भाऊजींना 'मंगलाकाकू' अशी हाक मारली आणि ते बिचारे ओ देऊन मोकळे झाले! पण बोलते, आणि रोज थोडं जास्त बोलते.

परवा तिचा फोन आला होता. मी पुन्हा तोच विषय काढला. म्हटलं, ताई, नीट आठव ना. तुला माझा आवाज आला होता का? डोळ्यासमोर काही दिसलं का? ते शब्द तुला सुचले कसे? मी विचारतच राहिले, शाळेतल्या तोंडी परीक्षेसारखी.

"मले नाई माहीत," ती म्हणाली. मी तरी सोडेना. तेव्हा ती चिडली, आणि एकाही शब्दाला न अडखळता म्हणाली, "नंदे, तुले उत्तर पायजे का बहीण पायजे?"

"बहीण," मी म्हटलं.

"मंग आयक," म्हणाली, आणि लोणच्याच्या कैऱ्या यंदा कशा आंबट नाहीत, इथून जी सुरुवात केली ती माझं गॅसवरचं दूध उतू जाईपर्यंत थांबली नाही.

मला आजही यातलं काही कळलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर जरूर लिहा, मी वाचेन. ताईला मात्र विचारणार नाही.